चौदा नंबरची प्रेमकथा

सूड उगवायला लोक काय काय वापरतात. मी प्रेमकथा वापरल्या. त्याही मराठी, इथल्या मराठी मंडळाच्या पुस्तकपेटीतल्या, खाकी कव्हरं घातलेल्या. आणि ज्यांच्यावर सूड उगवायचा त्या माझ्या सासूबाई, वय वर्षं ब्याऐंशी, माझ्याच सोफ्यावर, माझंच पांघरूण पायावर घेऊन, देवाच्या वाती वळत बसल्या होत्या.

अमेरिकेत आमच्या हर्नडनला दोन इंच बर्फाचं नुसतं नाव निघालं तरी दुकानातलं दूध आणि ब्रेड गायब होतो. त्या आठवड्यात दोन फूट पडला. गाडी कुठे उभी आहे ते अंदाजाने ओळखायचं. नवरा शिकागोला लेकीच्या नव्या अपार्टमेंटमध्ये फर्निचर जोडायला गेला होता, त्याची फ्लाइट कॅन्सल झाली. घरात उरलो आम्ही दोघी. लेकीने फोन केला तर पहिलं वाक्य काय, "आई, प्लीज, डोंट किल ईच अदर." मी म्हटलं, बघते.

आता हे वैर कशाचं ते सांगते, नाहीतर तुम्ही मलाच दुष्ट म्हणाल. मी नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये होते. एका नातेवाइकाच्या लग्नात पुण्याहून आलेला एक मुलगा पंगतीत मठ्ठा वाढत होता. तो माझ्यापुढे वाकला आणि त्याच्या शर्टाचं बटण तुटून माझ्या पानात पडलं. मी ते परत दिलं नाही. पुढे आमची पत्रं सुरू झाली, आणि एका पत्रात मी मूर्खासारखं लिहिलं, "तुझं बटण माझ्या कंपासपेटीत आहे. पेपर अवघड गेला की मी ते मुठीत धरते." वय एकोणीस. लिहिलं ते अगदी मनापासून लिहिलं.

पत्रं त्याच्या घरच्या पत्त्यावर जायची. पोस्टमन दुपारी यायचा. तेव्हा तो कारखान्यात आणि त्याची आई घरात.

लग्न झालं. घरी सत्यनारायण होता. मी पाटावर, हातात पळी, समोर गुरुजी. मागे सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक टाळ वाजवणारी, आवाज असा की चौकात ऐकू जावा, ती मला म्हणते, "काय गं, आता पेपर अवघड गेला तर मुठीत काय धरणार? बटणाचा मालकच मिळाला की तुला!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला पाटावरून उठताही येईना. कानशिलं अशी तापली की गुरुजींनी सांगितलेलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

तेव्हा कळलं. दर गुरुवारी दुपारी, आरती झाली, प्रसाद वाटला की सासूबाई माझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवायच्या. अठरा पत्रं! नवऱ्याकडे ती जपून ठेवलेली होती, मी काढून पाहिली, तर प्रत्येकाच्या कोपऱ्याला पंचखाद्याचे चिकट डाग आणि दोन ठिकाणी कुंकू. त्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, आई तशीच आहे. सोड ना." हे "सोड ना" तो आजतागायत म्हणतोय. त्या बायका मला पुढे कितीतरी वर्षं "बटण" म्हणायच्या. आम्ही अमेरिकेहून सुट्टीला गेलो की जिन्यातून आवाज यायचा, "बटण आलं गं!"

मी नाही सोडलं. का सोडू? त्या बाईंनी मला एकदाही, चुकूनसुद्धा, "चुकलं माझं" म्हटलं नाही. विषय काढला की म्हणायच्या, "एवढं काय त्यात, जुन्या गोष्टी." आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की यापुढे एवढा लांबचा प्रवास नको. नऊ दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. म्हणजे माझ्या हातात नऊ दिवस. मला साडी नको होती, पाटल्या नको होत्या. त्या विमानात बसायच्या आत त्यांच्या तोंडून तेवढे दोन शब्द हवे होते.

आणि देवाने संधी दिली. बर्फाने कुठली तरी केबल तुटली आणि इंटरनेट गेलं. सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे, अक्षर लागत नाही, त्या दिवसभर मालिका "ऐकतात". मालिका बंद. दोन तास त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "काहीतरी वाचून दाखव गं. तुमची ती पेटी आली आहे ना?"

आली होती. आमच्या भागातल्या मराठी घरांतून पुस्तकांची एक पेटी फिरते, महिनाभर एकेकाकडे. पंचवीस पुस्तकं. ती सांभाळणाऱ्या काकू शिस्तीच्या, सगळ्यांना शाळेच्या पुस्तकांसारखी खाकी कव्हरं घालतात आणि वर फक्त नंबर टाकतात. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

"संतचरित्र असेल तर बघ," सासूबाई म्हणाल्या. "प्रेमबिम नको. असली पुस्तकं मी माझ्या घराचा उंबरा ओलांडून आत येऊ दिली नाहीत कधी."

झालं. मला हवं ते मिळालं. दुसऱ्याची प्रेमपत्रं प्रसादाबरोबर वाटणाऱ्या बाईला प्रेमकथा चालत नाही! मी म्हटलं, थांबा, आता तुम्हाला प्रेमच ऐकवते. हलता येत नाही, बाहेर जाता येत नाही, टीव्ही नाही. बसा.

पेटी जेवणाच्या टेबलावर पालथी केली. सासूबाईंना सांगितलं की संतचरित्र शोधतेय, आणि प्रेमकथा बाजूला काढायला लागले. पण कुठलीही चालणार नव्हती. मला अशी हवी होती की जिच्यात मुलाची आई सपशेल तोंडावर आपटते. तीन नंबरमध्ये नायकाची आई होती, पण इतकी गोड की तिनेच पळून जाणाऱ्यांना दशम्या बांधून दिल्या. मिटून ठेवलं. नऊ नंबरमधली आई कजाग होती, मी खूश झाले, शेवटचं पान उघडलं तर सून तिचे पाय चेपत बसलेली. शी! सतरा, एकोणीस आणि बावीस, तिन्हींमधले नायक पोरके. कथेत आई असली की प्रेम पुढे सरकत नाही, हे लेखक लोकांना चांगलंच माहीत असणार. तासभर मी ती पुस्तकं उलटसुलट करत होते आणि सासूबाई सोफ्यावरून विचारत होत्या, "मिळाले का गं संत?"

शेवटी चौदा नंबर. जुनं, पिवळं पडलेलं, पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. कोकणातल्या एका गावात शाळेवरची मास्तरीण आणि जमिनी मोजायला आलेला मोजणीदार. यात पत्रं होती! तो गावोगाव फिरतो आणि ती त्याला त्याच्या घरी पत्रं घालते. फक्त एक घोटाळा होता. मोजणीदाराची आई बिचारी देवमाणूस, तिसऱ्या प्रकरणात तापाने जाते.

मी पुस्तक हातात घेऊन उभी राहिले आणि मनात म्हटलं, जाते म्हणजे काय? वाचणारी मी आहे. मी नाही जाऊ देणार.

पहिल्या दिवशी सरळ वाचलं, दोन प्रकरणं. पहिली ओळ वाचली तेव्हा सासूबाईंचा वात वळणारा हात जरासा थांबला. "हे संत नव्हेत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही आई. संत संपलेत. हेच आहे." त्या "हं" म्हणाल्या आणि पुन्हा कापूस ओढायला लागल्या. मला वाटलं होतं नाक मुरडतील, उठून जातील. नाही गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर तिसरं प्रकरण काढलं. पुस्तकात आईला ताप चढला. मी वाचलं, "तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि म्हातारी खडखडीत बरी झाली." छापलेलं एक होतं आणि माझ्या तोंडून दुसरंच येत होतं, पण आवाज कुठे अडखळला नाही. उभं आयुष्य ऑफिसात प्रेझेंटेशनं दिली आहेत, तेवढं जमतं मला. मग बरी झालेल्या म्हातारीच्या हाती मी मास्तरणीचं पत्र दिलं. ती ते उघडते. वाचते. आणि शेजारच्या बायकांना बोलावते.

"'ऐका गं,' म्हातारी म्हणाली, 'काय काय लिहिते ही सटवी.' आणि तिने मोठ्याने वाचलं. 'तुमच्या सदऱ्याचं बटण माझ्या खडूच्या डबीत आहे.'"

सासूबाईंचे हात थांबले. अर्धी वळलेली वात बोटांत तशीच. मी वर पाहिलं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, तिकडे त्यांना नुसतं पांढरं दिसत असणार.

"पाणी दे जरा," त्या म्हणाल्या.

मी पाणी दिलं. स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला टेकून एकटीच हसले. बाप्पा, काय गार वाटलं जिवाला! वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील. परत आले तर त्या म्हणाल्या, "पुढे?"

मग मात्र मी सुटलेच. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मिळून मी त्या म्हातारीचे जे हाल केले ते छापता येणार नाहीत. बायकांनी तिला वाळीत टाकलं. मुलाने अबोला धरला. देवळात तिच्या शेजारी कुणी बसेना. तिची कवळी विहिरीत पडली. विहिरीत! तिथे मी जरा वाहवलेच. मास्तरणीला मी अशी भाषणं दिली की तशी मला सत्यनारायणाच्या पाटावर सुचायला हवी होती. वाचून झालं की मी बूट चढवून बाहेर जायची आणि फावड्याने बर्फ उपसायची. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत. समोरचा शेजारी लांबून शाबासकीचा अंगठा दाखवायचा.

सासूबाई काही म्हणजे काही बोलायच्या नाहीत. चहा झाला की, "पुढे?" जेवण झालं की, "पुढे?" वातींचा ढीग वाढत होता.

चौथ्या दिवशी सकाळी बर्फ ढकलणारा ट्रक आमच्या गल्लीत आला. इंटरनेट दुपारपर्यंत येईल असा मेसेज आला, नवऱ्याला संध्याकाळची फ्लाइट मिळाली. म्हणजे माझ्याकडे एक सकाळ उरली. मी ठरवलं, आज कबुली. पुस्तक उघडलं, कुठलं पान होतं देव जाणे, आणि वाचायला लागले. म्हातारी मास्तरणीच्या दारात येते. पायरीवर बसते. डोळ्यांत पाणी.

"'बाई,' म्हातारी म्हणाली, 'तुझी पत्रं मी चव्हाट्यावर मांडली. मला क्षमा कर. चुकलं...'"

"ती तिसऱ्या प्रकरणात जाते," सासूबाई म्हणाल्या.

मी थांबले.

"तापाने. शेवटच्या पानावर मोजणीदार आईचं सगळं उरकून परत येतो तेव्हा मास्तरीण ओसरीवर बसलेली असते, आणि तो काही न बोलता तिच्या शेजारी बसतो. कवळी कुठेच नाही त्यात."

मी म्हटलं, "तुम्ही वाचलंय?"

"सहा वेळा. हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. आमच्या मामंजींना कादंबरी दिसली की ते बंबात घालायचे." त्यांनी एक वात ढिगावर ठेवली. "पहिल्याच ओळीला ओळखलं."

"आणि चार दिवस तुम्ही ऐकून घेतलंत?"

"म्हटलं बघू तरी, ही मला किती मारते."

मला इतका राग आला की पुस्तक टेबलावर आपटलं. उंबरा ओलांडू दिला नाही म्हणे! "आई, तुम्ही माझ्यावर हसलात. सगळ्यांपुढे. माझी पत्रं वाचून त्या बायका खिदळल्या, आणि तुम्हीही."

"पहिल्या पत्राला हसलो," त्या शांतपणे म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पुढच्या गुरुवारी भजनाला बसायच्या आधीच विचारायला लागल्या, आलं का पत्र? ती टाळवाली, तुला बटण म्हणायची ती, तिचा नवरा अकरा वर्षं तिच्याशी बोलला नव्हता. एका घरात राहून. मीठ हवं असलं तरी पोराला सांगायचा. तिने ते बटणाचं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि डोळे पुसत घरी गेली. आम्हाला कुणी कधी पत्र लिहिलं नाही गं. तुझं आठवडाभर आलं नाही की भजनात कुणाचं लक्ष लागायचं नाही."

आता इथे माझं मन विरघळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझा भडका उडाला. इतकी वर्षं जपलेला राग, आणि ही बाई त्यालाही बूच लावायला निघाली. मी म्हटलं, "असेल. त्या रडल्या असतील. पण पत्रं माझी होती. मी ती त्याला लिहिली होती, तुमच्या मंडळाला नाही. मला कुणी विचारलं?"

बाहेर ट्रकचा खरखर आवाज येत होता.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "तुझीच होती."

"मग म्हणा."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

सासूबाईंनी माझ्या दिशेने मान वळवली. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, मधोमध काळा ठिपका दिसतो म्हणतात. "म्हणेन की. त्यात काय. पण तुला खोटं चालणार आहे का? पत्र पुन्हा हातात आलं तर मी पुन्हा वाचीन."

ह्या बाईचं काय करावं, सांगा मला! मी पुस्तक मिटलं. त्या म्हणाल्या, "अगं, शेवट राहिला. वाच." मी म्हटलं, "तुम्हाला पाठ आहे." तर म्हणतात, "पाठ आहे. पण तू छान वाचतेस." मी म्हटलं, "आधी ते दोन शब्द. मग शेवट." आणि बाहेर जाऊन साफ केलेला ड्राइव्हवे पुन्हा साफ केला.

उरलेले दिवस त्या ह्यातलं काही बोलल्या नाहीत आणि मीही नाही. विमानतळावर व्हीलचेअरवर बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आलं. त्या म्हणाल्या, "चौदा नंबर पेटीत परत टाकू नकोस." बास. चाकांची खुर्ची पुढे गेली.

मी नाही टाकलं. पेटीवाल्या काकूंना सांगितलं की हरवलं, आणि त्यांची बोलणी खाल्ली.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी ऑफिसच्या कामाला बसणार तेवढ्यात पुण्याहून फोन. आजूबाजूला कुजबूज. भजनी मंडळातल्या आता चौघीच उरल्या आहेत, सासूबाई धरून. त्यांनी फोन मधोमध ठेवला होता. "वाच," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आधी सगळ्यांनी चुकलं म्हणा." तिघी एका सुरात म्हणाल्या, "चुकलं गं बाई, चुकलं!" टाळवालीचा आवाज सगळ्यांत मोठा. मी थांबले. चौथा आवाज आला नाही.

मग मी वाचलं, पण शेवट नाही. मोजणीदाराला मी वाटेत नदीच्या पुराने अडवलं. पुढच्या गुरुवारी त्याच्या बैलगाडीचं चाक मोडलं. त्याच्या पुढच्या वेळी त्याला हिवताप आणला. मास्तरीण ओसरीवर बसून आहे. दर वेळी आधी विचारते, "आई, काही म्हणायचंय?" दर वेळी त्या म्हणतात, "पुढे वाच." हट्टी म्हातारी. आणि मला काय घाई आहे? मीही नागपूरची आहे.

परवा नवरा पुण्याला गेला होता. मी फोनवर नेहमीचं "काही म्हणायचंय?" विचारून थांबले, त्याला वाटलं फोन बंद झाला. त्याचा आवाज आला, "आई, एकदा चुकलं म्हणून टाक ना. ती किती दिवस धरून बसली आहे. सोड ना तो हट्ट."

"मी म्हटलं की ही शेवट वाचेल," सासूबाई म्हणाल्या, "आणि मग फोन कशाला करेल?"

मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. पुस्तक उघडलं आणि मोजणीदाराला रस्ता चुकवला.